मत्तय कोणता?

गेल्या प्रायश्चित्तकाळातील गोष्ट. धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवी-आठवीच्या मुलांपुढे आम्ही एका चित्राची रंगीत प्रत ठेवली होती. प्रत कॅलेंडराएवढी होती. मूळ चित्र रोमला आहे आणि ते सव्वातीन मीटरांच्या आसपास उंच व त्याहून थोडे अधिक रुंद आहे. ‘संत मत्तयाला पाचारण’ हे त्या चित्राचे नाव आणि कारावाज्जो हा त्याचा चित्रकार. जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला प्रभू येशूने हाक दिली आणि तो सारे सोडून त्याच्यामागे निघाला, ही कथा मुलांना तोंडपाठ होती. म्हणून आम्ही आमच्या मते अगदी सोपा प्रश्न विचारला, ‘‘यातला मत्तय कोणता?’’

बहुतेकांनी मेजामागच्या दाढीवाल्या माणसाकडे बोट दाखवले. एकाने तलवारवाल्या तरुणाची बाजू घेतली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, तो नाही. टोकाला मान खाली घालून बसलाय ना, तो. पैसे त्याच्याच हातात आहेत.’’

‘‘चूक,’’ असे म्हणून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

वर्ग संपला, मुले सायकली काढून घरी गेली. प्रत मात्र आमच्या मेजावर राहिली. रात्री जेवण झाल्यावर ती पुन्हा हाती घेतली आणि त्या मुलीला आपण ‘चूक’ का म्हणालो याचे कारण शोधू लागलो. कारण सापडेना. दाढीवाला तो मत्तय, हे आम्ही कोणे एके काळी एका पुस्तकात वाचले होते. चित्रात ते आम्ही कधी पाहिले नव्हते. पुढे थोडे अधिक वाचले तेव्हा कळले की, शतकानुशतके दाढीवाल्यालाच मत्तय मानले गेले असले तरी १९८० नंतरच्या काळात काही अभ्यासकांनी नेमका त्या मुलीचाच पक्ष मांडला आहे आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. मुलगी चुकली असेलही. पण तिने चित्र पाहिले होते, आम्ही पाहिले नव्हते. आणि निकाल मात्र आम्ही दिला होता.

एरवी एवढ्याशा गोष्टीवर आम्ही लेख लिहिला नसता. परंतु या ‘चूक’ शब्दाने आम्हाला आमच्याच हातून फार पूर्वी घडलेल्या दुसऱ्या एका निकालाची आठवण करून दिली. तिच्याकडे आम्ही येऊच. तत्पूर्वी वाचकांनी आमच्यासोबत हे चित्र थोडा वेळ पाहावे, अशी विनंती आहे.

रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी हे फ्रेंच लोकांचे चर्च. त्यात डाव्या बाजूला एक लहानसे चॅपेल आहे. मात्तेओ कोन्तारेल्ली या फ्रेंच कार्डिनलने ते विकत घेऊन आपल्या नावाच्या संताला, म्हणजे मत्तयाला, वाहिले. १५८५ मध्ये कार्डिनल वारले, पण चॅपेलच्या भिंतींवर काय काढावे याच्या तपशीलवार सूचना त्यांनी मागे ठेवल्या होत्या. जकातीचे दालन असावे, मेज असावे, वह्या आणि पैसे असावेत, आणि प्रभूने हाक मारताच मत्तय मेजावरून उत्सुकतेने उठत आहे असे दाखवावे, असा त्यांचा आशय होता. काम रखडत गेले. शेवटी १५९९ मध्ये ते कारावाज्जोकडे आले आणि १६०० या जयंती वर्षात चित्रे भिंतींवर चढली. चित्रकाराचे वय तेव्हा तिशीच्या आत होते.

आता चित्र पाहा. मेज आहे, वही आहे, नाणी आहेत. पण उठत कोणीच नाही. मेजाभोवती पाच माणसे बसली आहेत. पिसांच्या टोप्या घातलेले दोन तरुण आहेत. त्यांपैकी आपल्याकडे पाठ असलेल्याच्या कमरेला तलवार आहे. मध्ये दाढीवाला. त्याच्या पलीकडे चष्मा सावरत नाण्यांवर वाकलेला एक म्हातारा आणि डाव्या टोकाला मान खाली घातलेला, नाणी मोजणारा तरुण. उजवीकडे, जवळजवळ अंधारात, प्रभू येशू उभा आहे. डोक्यावर प्रभावलयाची एक बारीक रेषा. ती नसती तर तो चटकन दिसलाही नसता. त्याच्या पुढ्यात पेत्र असा उभा आहे की प्रभूचे बहुतेक शरीर झाकले जावे. दिसतो तो चेहऱ्याचा काही भाग आणि पुढे केलेला एक हात.

त्या हाताकडे थोडे थांबून पाहावे. बोट कोणावर रोखलेले नाही, हुकूम सोडणारा आवेश त्यात नाही. मनगट किंचित सैल आहे. हा हात रोमच्या लोकांनी आधी पाहिलेला होता. सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने १५१२ मध्ये पूर्ण केलेल्या चित्रांत आदाम आपला हात परमेश्वराकडे करतो, तोच हा हात. गंमत अशी की, कारावाज्जोने प्रभूला परमेश्वर पित्याचा सामर्थ्यशाली हात दिला नाही, नुकत्याच जाग्या होणाऱ्या आदामाचा दिला. संत पौलाने ख्रिस्ताला दुसरा आदाम म्हटले आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तेथे नवनिर्मितीची कथा दिसेल. ज्याला ठाऊक नाही त्यालाही हे जाणवेल की, हाक मारणारा हा हात पकडून नेणारा नाही. तो नाकारता येईल असा आहे.

आणि त्याचे पाय पाहा. हात खोलीत आहे, पण पावले बाहेरच्या दिशेने वळलेली आहेत. तो थांबणार नाही. ज्याला यायचे त्याने आता यावे.

प्रकाशाचेही तसेच. भिंतीत एक खिडकी आहे, पण तिच्या मळकट तावदानांतून उजेड येत नाही. प्रकाश येतो प्रभूच्या डोक्यावरून, उजवीकडून, चौकटीबाहेरून. प्रत्यक्ष चॅपेलमध्येही वेदीच्या वरची खिडकी त्याच बाजूला आहे. म्हणजे तेथे उभ्या असलेल्या भाविकाच्या अंगावर आणि मेजावरल्या नाण्यांवर एकाच दिशेने उजेड पडतो. छापील प्रतीत हे दिसत नाही. चित्र ज्या जागेसाठी काढले, त्या जागेचाही त्याच्या अर्थात वाटा असतो तो असा.

राहिला प्रश्न मत्तय कोणता हा. दाढीवाल्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. याच चॅपेलमधील दुसऱ्या दोन चित्रांत, शुभवर्तमान लिहिणारा आणि हुतात्मा होणारा मत्तय दाढीवालाच आहे. प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर पडला आहे आणि त्याचे बोट ‘‘मी?’’ असे विचारत आहे. पण ते बोट खरोखर त्याच्या स्वतःच्या छातीकडे आहे का? नीट पाहिले तर ते शेजारच्या खाली मान घातलेल्या तरुणाकडेही वळलेले वाटते, जणू तो विचारतो आहे, ‘‘हा?’’ दाढीवाल्याचा दुसरा हात नाण्यांपाशी आहे. तो जकात भरायला आलेला असेल, आणि घेणारा तो तरुण असेल. तसे असेल तर चित्रकाराने मत्तयाचे पाचारण झाल्यानंतरचा क्षण निवडलेला नाही. हाक कानी पडण्याच्या अर्धा श्वास आधीचा क्षण निवडला आहे. क्षणभराने तो मान वर करील. किंवा करणार नाही.

आमचे स्वतःचे मत अजूनही दाढीवाल्याच्या बाजूने झुकते, ते त्या दोन शेजारच्या चित्रांमुळे. मात्र पूर्वीइतके ठामपणे नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मधील एका प्रदीर्घ मुलाखतीत या चित्राविषयी सांगितले होते. पोप होण्यापूर्वी रोमला आले की ते जवळच्याच रस्त्यावर उतरत आणि अनेकदा या चर्चमध्ये जाऊन चित्रासमोर उभे राहत. येशूच्या त्या बोटासमोर उभा असलेला, पैसे घट्ट धरून ‘मी नव्हे’ म्हणणारा तो मत्तय आपणच आहोत असे त्यांना वाटे. आता या बोलण्यावरून त्यांच्या मते मत्तय दाढीवाला की तरुण, हे काही नीट निष्पन्न होत नाही. त्यांना त्याची निकडही नसावी. १९५३ च्या २१ सप्टेंबरला, संत मत्तयाच्या सणादिवशीच, सोळा वर्षांच्या त्या मुलाला आपल्या पाचारणाची जाणीव झाली होती. पुढे आपले बोधवाक्यही त्यांनी याच पाचारणावरील संत बीडच्या प्रवचनातून घेतले. चित्र पाहायला ते रिकाम्या हाताने गेले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, मग ठरले तर! चित्राचा अर्थ ज्याचा त्याचा. मुलीचा एक, पोपमहोदयांचा एक, अभ्यासकांचे दोन, आपलाही एक असू द्यावा. हे ऐकायला सौजन्याचे वाटते, पण आम्हाला हा आळस वाटतो. वर्गातल्या ज्या मुलाने तलवारवाल्याला मत्तय ठरवले, त्याला आम्ही दुसऱ्या आठवड्यात कारण विचारले. त्याला तलवार आवडली होती. आवडण्याला आमची हरकत नाही, पण चित्रातला एकही हात त्या तरुणाची निवड करत नाही आणि पैशांशीही त्याचा संबंध दिसत नाही. त्या मुलीने मात्र चित्रातल्या वस्तूवर बोट ठेवून आपले म्हणणे मांडले होते. ते खोडायचे तर चित्रातल्याच दुसऱ्या वस्तूवर बोट ठेवावे लागेल. अर्थ अनेक असू शकतात, परंतु प्रत्येक अर्थाला चित्रापुढे हजर राहून साक्ष द्यावी लागते. दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्याविषयी मत बनवणे हा जसा त्या माणसावर अन्याय, तसाच न पाहता चित्राचा अर्थ सांगणे हाही अन्यायच. तो चित्रावर होतो, आणि चित्र काढणाऱ्यावरही.

आपल्या ख्रिस्तसभेत चित्रांना फार जुना मान आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेच्या बिशपांनी लोक चित्रांची पूजा करतात म्हणून ती फोडून टाकली, तेव्हा थोर पोप ग्रेगरी यांनी त्यांना समज दिली: वाचता येणाऱ्याला जे पुस्तकातून मिळते, ते न येणाऱ्याला भिंतीवरच्या चित्रातून मिळते. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो असे ठरवले. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये त्याला दुजोरा दिला आणि नवलाईची प्रतिमा बिशपांच्या संमतीवाचून चर्चमध्ये लावू नये असा नियमही घातला. हे सारे योग्यच झाले. पण ‘निरक्षरांचे पुस्तक’ या कल्पनेने आपल्याला एक सवय लावली, असे आम्हाला वाटते. चाव्या दिसल्या की पेत्र, बाण दिसले की सेबास्टियन, बाळ आणि लिलीचे फूल दिसले की अंतोनी, ताटलीत डोळे दिसले की लुसी. एकदा ओळख पटली की आपण मेणबत्ती लावतो आणि पुढे जातो. ओळखणे म्हणजेच समजणे असे आपण धरून चालतो. संत कोण हा चित्राचा विषय झाला. त्या संताचे काय झाले, चित्रकाराने कोणता क्षण निवडला, काय दाखवले आणि काय झाकले, हा त्याचा आशय. विषय पाटीवर लिहिता येतो. आशयासाठी उभे राहावे लागते.

आणि या सवयीची दुसरी बाजू अशी की, ओळखीची खूण दिसली नाही तर आपण म्हणतो, ही ती नव्हेच.

कारावाज्जोवर ही वेळ आली. १६०१ मध्ये एका वकिलाने त्याला रोममधील कार्मेलाइट संन्याशांच्या सान्ता मारिया देल्ला स्काला या चर्चसाठी पवित्र मरियेच्या मृत्यूचे वेदीचित्र सांगितले. काही वर्षांनी त्याने ते दिले. बारा फूट उंचीच्या त्या चित्रात देवदूत नाहीत, ढग नाहीत, उघडलेला स्वर्ग नाही. एका गरीब खोलीत लाल वस्त्रातली एक स्त्री मरून पडली आहे. शरीर काहीसे फुगलेले, पाय उघडे, एक हात बाजेबाहेर आलेला. खाली तांब्याचे घंगाळ ठेवले आहे, प्रेत धुण्यासाठी असावे तसे. प्रेषित उभे आहेत, डोळे पुसत आहेत. समोर बसकट आसनावर मग्दालिया मरिया गुडघ्यांत डोके घालून रडते आहे. वर मोठा तांबडा पडदा. मरियेच्या डोक्याभोवती प्रभेची इतकी बारीक रेषा की शोधावी लागते.

संन्याशांनी ते चित्र नाकारले. त्या काळच्या लेखकांनी कारणे दिली आहेत: मरिया अशोभनीय दिसते, तिची पावले उघडी आहेत, एकाने तर नमुना म्हणून बसवलेली बाई बदलौकिकाची होती असे लिहिले. वेदीवर कार्लो साराचेनीचे चित्र आले. नाकारलेले चित्र रुबेन्स या तरुण चित्रकाराच्या शिफारशीवरून मान्तुआच्या ड्यूकने १६०७ मध्ये विकत घेतले. नेण्यापूर्वी रोमच्या चित्रकारांच्या आग्रहाखातर ते आठवडाभर सर्वांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले. पुढे ते इंग्लंडच्या राजाकडे, मग फ्रान्सच्या राजाकडे गेले आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

त्या संन्याशांना हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. वेदीवरील चित्र हे दिवाणखान्यातील चित्र नव्हे. त्याच्यासमोर रोज मिस्सा होते, विधवा येतात, आजारी मुलांच्या आया येतात. मरियेचे स्वर्गोन्नयन हा आपल्या श्रद्धेचा भाग आहे. ते श्रद्धातत्त्व म्हणून १९५० मध्ये घोषित झाले असले तरी १५ ऑगस्टचा सण त्याच्या कितीतरी आधीपासून साजरा होत आला आहे. आमच्या वेदीने आशा सांगावी, नुसते प्रेत दाखवू नये, असे त्या मठवासीयांना वाटले तर ती मागणी अवाजवी नव्हती. उलट बाजूने म्हणता येईल की, मरियेला मृत्यू आलाच नाही असे १९५० च्या घोषणेतही म्हटलेले नाही. तेथे तिच्या ऐहिक जीवनाची समाप्ती एवढाच उल्लेख आहे. ज्या खोलीत आपली आई नुकतीच गेली आहे, त्या खोलीत प्रेषितांना स्वर्ग कोठून दिसणार? तो त्या बारीक रेषेत आहे आणि वरून तिच्या चेहऱ्यावर उतरलेल्या उजेडात आहे. आमच्या मते एवढे पुरेसे आहे. पण दुसऱ्याला ते पुरेसे वाटले नाही तर त्याची श्रद्धा कमी असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न इतकाच उरतो की, नाकारण्यापूर्वी त्यांनी ते किती वेळ पाहिले असेल?

आपल्याकडेही असे घडले आहे. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे गोव्याचे चित्रकार. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकून आलेल्या या कलावंताने मरियेला साडी नेसवली, बाळ येशूला आपल्या मातीतल्या आईच्या मांडीवर बसवले. गोव्यात त्यांच्या चित्रांना विरोध झाला आणि त्यांचे पुष्कळसे आयुष्य पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयाने गेले. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, सर्व लोकांच्या कलेला तिच्यात वाव आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये म्हटले. फोन्सेकांच्या आयुष्याची तेव्हा चारच वर्षे उरली होती. आज त्यांची अनेक चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवली आहेत.

आता आमचा निकाल.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने, जो मुंबईला चित्रकला शिकत होता, चर्चला एक चित्र देऊ केले. पवित्र मरियेला देवदूताचा निरोप आला तो प्रसंग. मरिया विहिरीवर पाणी भरते आहे, मागे केळीची वाडी आहे. अंगावर लाल लुगडे, केसांचा अंबाडा. देवदूत दिसत नाही. केळीच्या पानांवर एका बाजूने विचित्र उजेड आहे आणि तिचा कळशी धरलेला हात मध्येच थांबला आहे. पावले चिखलाने माखलेली. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत जुन्या चादरीत गुंडाळून आणलेले ते चित्र भिंतीला टेकवून उभे केले होते. चादर पूर्ण काढलीही नव्हती. पहिल्यांदा बोललो ते आम्ही. आम्ही म्हणालो, ‘‘ही आपल्या वाडीतली कोणीतरी बाई आहे, पवित्र मरिया नव्हे. आणि पावले तरी धुवायची होती.’’ लोक हसले. दहा मिनिटांत ठराव झाला.

कारावाज्जोच्या पाचारणाच्या चित्रात प्रभू आणि पेत्र जुन्या पद्धतीच्या वस्त्रांत, अनवाणी आहेत, पण मेजावरची माणसे १६०० सालच्या रोममधील कपड्यांत आहेत. चित्रकाराने जकातनाका आपल्या गावात आणला होता. चारशे वर्षे लोटल्यामुळे आपल्याला तेही ‘जुने’ वाटते आणि खटकत नाही. आमच्या घरी मरियेचे जे चित्र आहे, निळा झगा आणि गोरा युरोपीय चेहरा असलेले, तेही नाझरेथचे नाही. ते कोणाच्या तरी वाडीतलेच आहे, फक्त ती वाडी आमची नाही. हे साधे म्हणणे त्या बैठकीत आम्हाला सुचले नाही, कारण आम्ही चित्राकडे पाहतच नव्हतो. आम्ही ओळखीची खूण शोधत होतो.

वर्गातील त्या प्रसंगानंतर पुढच्या रविवारी आम्ही मुलीला सर्वांसमक्ष सांगितले की, तुझे म्हणणे आम्ही न पाहता खोडले होते. ती लाजली, आणि मुलांना आणखी एक तास वाद घालायला निमित्त मिळाले. त्याच संध्याकाळी आम्ही त्या चित्रकाराच्या घरी गेलो. तो आता शहरात जाहिरातींची कामे करतो. कॅनव्हास बरीच वर्षे हाती घेतलेला नाही, असे त्याच्या आईने सांगितले. चित्र मधल्या खोलीत भाताच्या कणगीवर टांगलेले आहे. आम्ही बराच वेळ उभे राहिलो. थांबलेला हात बैठकीत आम्ही पाहिला नव्हता. कळशीतून पाणी सांडते आहे आणि तिचे त्याकडे लक्ष नाही, हेही पाहिले नव्हते.

‘‘मास्तर, बसा ना,’’ माऊली म्हणाली. मग आमची नजर कोठे खिळली आहे ते पाहून तिला हसू आले. ‘‘त्याने मलाच बसवलं होतं विहिरीवर. दोन दिवस. पाय काही धुऊ देईना.’’

‘‘मावशी, त्या बैठकीत मी बोललो होतो,’’ आम्ही म्हणालो.

‘‘ठाऊक आहे मला,’’ ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आम्ही पॅरिश कौन्सिलला एक अर्ज दिला आहे. हे चित्र चर्चमध्ये लावावे अशी मागणी त्यात नाही. तो अधिकार आमचा नाही आणि लोकांच्या प्रार्थनेचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. रोमने त्या नाकारलेल्या चित्राला एक आठवडा दिला होता, तसा एक आठवडा धर्मग्रामाच्या सभागृहात या चित्राला द्यावा, चादर पूर्ण काढून, एवढेच मागितले आहे. चित्रकाराला पत्र पाठवले होते. ‘आईला विचारा’ असे त्याचे उत्तर आले, आणि आईची हरकत नाही.

बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. दोन सभासदांचा विरोध आधीच कानी आला आहे. त्यांपैकी एकाचे म्हणणे आम्हाला विचार करायला लावणारे वाटले. तो म्हणतो, आठवड्यानंतरही लोक नकोच म्हणाले, तर त्या बाईला दुसऱ्यांदा कोण सांगणार? आम्ही सांगू, असे त्याला कळवले आहे.